नववं पान

“ताई, साइटने परत बाहेर फेकलं,” धाकटी आतून म्हणाली. तिसरी वेळ.

ताई दार ढकलून आत आली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा फॉर्मचं पहिलं पान होतं, कोरं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. किडनीदात्याचा फॉर्म पाचला बंद होणार होता. प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या समितीची पुढची बैठक सहा महिन्यांनी, आणि सहा महिन्यांचा विषय निघाला की डॉक्टर कागद चाळू लागायचे.

किडनी ताईला हवी होती. जुळत होती ती धाकटीची. माणसाला दोन असतात, एकीवर सगळं चालतं, असं आई धाकटीला सकाळपासून ऐकवत होती. आता ती शेजारच्या खोलीतून फॉर्म काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. ताईने तोंडाने कधी काही मागितलं नव्हतं. फक्त सुजलेले पाय स्टुलावर ठेवून ती रोज धाकटीच्या समोर बसायची.

ताईचं पोटच फॉर्मवर होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात ती दिवसाला चाळीस जणांचे फॉर्म भरायची. शेवटी ‘मी सर्व वाचले आहे’ असा चौकोन यायचा. तो कोणाला वाचून दाखवायची तिची पद्धत नव्हती. खूण करायची, पुढचा माणूस.

आठ पानं तिने पुन्हा दहा मिनिटांत भरली. नववं दात्याने एकट्याने भरायचं होतं, जवळ कोणी नको, अशी वरच सूचना होती. ती बाहेर जाऊन दाराला टेकली.

माउस जुना होता. त्याचा टकटकाट दाराबाहेर ऐकू यायचा. पाच मिनिटं झाली. एकही टक नाही. आठ मिनिटं. डायलिसिससाठी तिच्या डाव्या हातात जोडलेली शीर कायमच घुमायची. आत्ता तिला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. साइट उगाच कोणाला बाहेर फेकत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पंधरा मिनिटं कोणी हात लावला नाही, तरच फेकते.

तिने दार उघडलं. धाकटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

“तूच भर ना, ताई,” ती वर न बघता म्हणाली. “मी बाहेर थांबते.”

ती गेली. ताई खुर्चीवर बसली. खुर्ची अजून गरम होती. पानावर एकच प्रश्न होता: ‘किडनी देण्यासाठी तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?’

माउसचा बाण सवयीने ‘नाही’वर गेला. एक टक, की झालं. मग तिने खालची बारीक अक्षरं वाचली, आयुष्यात पहिल्यांदाच, एकेक शब्द. ‘होय’ म्हटल्यास अर्ज थांबेल. कारण गुप्त राहील. घरच्यांना ‘दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढंच कळवलं जाईल.

चार वाजून बत्तीस मिनिटं. भिंतीपलीकडून आईने विचारलं, “झालं का गं एकदाचं?”

ताईने ‘होय’वर टक केलं. खाली एक नवा रकाना उघडला: ‘कोणाचा?’

तिने त्यात स्वतःचं नाव लिहिलं.