मेलबर्नचा धुरा

परक्या देशाचा माणूस म्हणून सरकारची खास परवानगी काढून अंकुरने मेलबर्नला घर घेतलं, आणि वरूडची संत्र्याची बाग सालदाराच्या भरवशावर टाकून खुशालराव बायकोला, जमुनाबाईला, घेऊन पोराचं घर पाहायला गेले. घर झकास होतं. पण शेजाऱ्याच्या आणि आपल्या अंगणांमध्ये ना भिंत, ना कुंपण, नुसतं गवत! वऱ्हाडात दोन वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, हातभर इकडेतिकडे झाला तर डोकी फुटतात. इथे तर धुराच नव्हता. त्यात रविवारी शेजारी मशीन घेऊन आपलं गवत कापायला निघाला आणि अंकुरच्या बाजूचंही कापून मोकळा झाला. वर हसून हात हलवला.

संध्याकाळपर्यंत खुशालरावांनी अंगणात खुंट्या ठोकून दोरी ताणली होती.

"बाबा, त्यानं मदत केली फक्त," अंकुर कपाळाला हात लावून म्हणाला.

"मदत? आज गवत कापते, उद्या धुरा सरकवते! ही चाल मले चांगली माहीत हाये. आपन पडलो इथं परके. परक्याची जमीन दाबाले लोकं टपूनच असतात."

जमुनाबाई इतका वेळ दारात उभी राहून नवऱ्याचा तमाशा पाहत होती.

"अवो, असंच गवत कापता कापता तुमी भगवंतभाऊजीची संत्र्याची अख्खी ओळ आपल्या वावरात घेतली," ती म्हणाली. "सख्खे भाऊ ना ते तुमचे? मंग ते कोनत्या देशाचे होते?"