भोपळ्यावरचा पहिला घाव

"बारामती हाकेवर, आन् म्हातारीला सोस इंदापूरच्या बाजाराचा," कौसल्या टेम्पोत पुटपुटली.

शेजारी भोपळ्यांच्या पोत्याला हात लावून बसलेल्या तानूबाईंनी, तिच्या सासूनं, नेमकं ऐकलं. "बारामतीत माणसं इचारत्यात गं. मला त्वांड दाखवायला लाज वाटती."

काय विचारतात ते कौसल्याला ठाऊक होतं. तिचा नवरा रामहरी सोमेश्वरनगरला उसाचा ट्रॅक्टर चालवायला गेला, खोली मिळाली की न्यायला येतो म्हणाला, आणि तिकडंच राहिला. निरोप नाही, चिठ्ठी नाही. त्यानं तिकडं दुसरी बायको केली, असं सगळ्या सणसरनं मनात धरलं होतं. तोंडानं मात्र कुणी बोलत नव्हतं.

कौसल्याच्या भावानं बारामतीत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम बघून ठेवलं होतं. उद्या सकाळी हजर व्हायचं, म्हणजे आज सासूला सांगायचं. पण लेकानं टाकलेल्या म्हातारीला आता सुनेनंही टाकायचं, या विचारानं ती सांगणं पुढं ढकलत होती.

इंदापुरात नव्या एसटीडी बूथच्या सावलीला त्यांनी पोतं सोडलं. दिवाळी तोंडावर, गिऱ्हाईक बरं होतं. पण ज्याला त्याला फोड हवी. आणि अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही; घरच्या पुरुषाच्या जिवावर येतं म्हणतात. म्हणून दर खेपेला शेजारच्या कांदेवाल्या गेणबाला हाक.

"भावजी, एवढा फोडून द्या की."

"निम्मा बाजार तर मी तुमचाच करतोय वैनी," गेणबा कोयता घेऊन आला. "माझं कांदं काय कावळं इकणार?"

"रामहरी आला की त्योच फोडंल," तानूबाई म्हणाल्या.

गेणबाचं हसू मिटलं. त्यानं भोपळा फोडला आणि खाली बघत जागेवर जाऊन बसला.

दुपारी एक बाई थांबली. "सणसरच्या का तुमी? मी सोमेश्वरनगरची. आमच्याकडं तुमच्या गावचा एकजण..."

"घ्यायचं आसंल तर घ्या, न्हायतर सावली सोडा," तानूबाईंनी तिला वाटेला लावलं.

कौसल्याला दयाच आली. वर्षभरात म्हातारी फार धास्तावली होती. गेल्या दिवाळीत कौसल्या भाऊबीजेला माहेरी राहून आली, तेव्हापासून तिला एकटीला कुठं सोडत नव्हती. राखीलाही नाही. लोण्याचा गोळा मात्र आधी सुनेच्या भाकरीवर पडायचा.

संध्याकाळी घरी चूल पेटली. एक भोपळा उरला होता. तानूबाई गूळ चिरायला बसल्या.

"घारगं करू. रामहरीला लई आवडत्यात. जा, कुणाला तरी बोलव फोडायला."

कौसल्या जागची हलली नाही. "आत्ती, आता दुसऱ्याच्या माणसाला हाक मारायची न्हाय." तिनं भोपळा पुढ्यात ओढला आणि कोयता उचलला.

"अगं ए! लेकरू हाय माझं!"

"त्येनं आपल्याला टाकलंय, आत्ती. त्यो येणार न्हाय. समद्यास्नी ठावं हाय, तुमास्नी बी. मी उद्या बारामतीला चाललीय, सैपाकाच्या कामाला. एकटी न्हाय जात. तुमी बी चला माझ्यासंगं."

कोयता वर गेला. तानूबाईंनी भोपळ्यावर अंगच टाकलं.

"नगं घालू घाव! त्येनं न्हाय टाकलं तुला."

"मग कुठं हाय त्यो?"

म्हातारीनं मान वर केली नाही.

"आला हुता. गेल्या दिवाळीत, तू माहेरी असताना. खोली मिळाली म्हनला, तुला न्यायला आला हुता. म्या एकटी पडंन म्हनून दारातनंच सांगितलं, तिनं दुसरं लगीन केलं."