पाचशेतले पस्तीस

आईच्या तेराव्याला रिवाजाप्रमाणे तिच्या आठवणींची डिस्क लावली. डबीवर पाचशे जीबी छापलेलं, पडद्यावर मात्र चारशे पासष्ट. हेमलताच्या मनात पाल चुकचुकली. पळून जाऊन लग्न केलेल्या लेकीला आईने मनातल्या मनात माफ केलं असणार, आणि नेमकं तेवढंच भावाने पुसलं असणार.

"अवधूत, पस्तीस जीबी कुठे गेले?"

"आई गेली आणि हिला जीबी मोजायचेत!"

डिस्क जोडायला आलेला तांबोळी मध्ये पडला. "ताई, कोणी काही पुसलेलं नाही. कंपनी हजार-हजाराने मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने. कोऱ्या डिस्कवरही आकडा एवढाच दिसतो."

हेमलताला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण आता आत माफी सापडली नाही, तर चोर कोणाला म्हणायचं?