जनरलसाहेबांचं वजन

जनरल काल्टनएग यांनी जर्दाळूचा आणखी एक क्नोडेल काट्याला टोचला आणि समोर बसलेल्या कॅप्टन व्होटावानं मनातल्या मनात त्याचंही वजन मोजलं. एकेक क्नोडेल म्हणजे मुठीएवढा उकडलेला गोड गोळा, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. बाहेर कुरणावर विमान तयार उभं होतं. थोड्याच वेळात त्याची परीक्षा होती, आणि त्यात बसायचं होतं जनरलसाहेबांना.

व्होटावा हा सैन्यासाठी विमानं खरेदी करणारा अधिकारी. पण नावालाच, कारण तीन वर्षांत त्यानं एकही विमान खरेदी केलेलं नव्हतं. नियम तसा साधा होता. चालक आणि खरेदी समितीतला एक अधिकारी अशा दोघांना घेऊन विमानानं मैदानावरून हवेत एक फेरी मारायची. फेरी झाली की खरेदी पक्की. आता समितीतला कोणीही बसला असता तरी चाललं असतं. पण आमच्या व्हिएन्नाच्या सम्राटाच्या सैन्यात दारातून आधी कोण जाणार हेसुद्धा हुद्द्यावर ठरतं. तेव्हा विमानात बसायचा मान समितीचे प्रमुख म्हणून जनरलसाहेबांचा.

पहिल्या वर्षी एक विमान त्यांना घेऊन हातभर उचललं गेलं होतं म्हणे. पुढं विमानं सुधारत गेली आणि साहेबही वाढत गेले. ते आत बसले की चाकं मातीत रुतायची, इंजिन बोंब मारायचं, विमान कुरणाच्या त्या टोकापर्यंत धावायचं आणि कुंपणापाशी गुमान उभं राहायचं. साहेब मिशांवरून हात फिरवत उतरायचे आणि म्हणायचे, उडत नाही, नापास. कारखानदार बिचारे हात चोळत घरी जायचे.

साहेब, दोष विमानाचा नाही, तुमच्या पोटाचा आहे, हे त्यांना सांगणार कोण? पलटणीच्या डॉक्टरनं एकदा गोड कमी करा एवढंच म्हटलं होतं. तो सध्या बोस्नियाच्या डोंगरात खेचरांचे दात तपासतोय.

आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. याही खेपेला विमान मिळालं नाही तर सगळा विभागच गुंडाळा, अशी व्हिएन्नाहून तंबी आली होती. म्हणजे व्होटावाची रवानगी पुन्हा गॅलिशियाच्या चिखलात, दाणागोट्याच्या गाड्यांवर. विमानांवर तर त्या माणसाचा जीव जडलेला. स्वतः एकदाही वर गेला नव्हता, पण कुणाचं इंजिन कसं खोकतं ते झोपेतही ओळखायचा. शेवटी त्यानं डोकं लढवलं आणि गुपचूप पिकोश नावाच्या कारखानदाराला गाठलं.

तोवर विमानात चालक पुढं आणि पाहुणा मागं बसायचा, बग्गीत बसतात तसे. व्होटावा म्हणाला, दोघांना शेजारी बसव, एकच बाक कर, खांद्याला खांदा लागला पाहिजे. पिकोश म्हणाला, त्यानं विमान कसं काय हलकं होणार?

"होईल," व्होटावा म्हणाला. "तू बाक तेवढा लाव."

क्नोडेल संपले. साहेब ढेकर देऊन उठले आणि मैदानात आले. सार्जंट यूरिच आधीच बाकावर बसला होता. उडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण अंगाला इंजिनात घालायच्या एरंडेलाचा आणि कांद्याचा असा काही वास की तळावरचं कुत्रंही लांबून जायचं. साहेबांनी पायरीवर एक पाय ठेवला आणि ते थबकले.

"हा इथंच बसणार?"

"हो साहेब. चालवायचं त्यानंच."

"माझ्या शेजारी?"

"खांद्याला खांदा, साहेब," व्होटावा म्हणाला. "जागा जरा कमीच आहे."

ज्या सैन्यात अधिकाऱ्यासमोर सार्जंट खुर्चीला टेकतसुद्धा नाही, तिथं जनरल आणि सार्जंट एका बाकावर! साहेबांनी पाय हळूच खाली घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा खड्या आवाजात त्यांनी जाहीर केलं, की सम्राटासाठी आपण प्राण द्यायला तयार आहोत, पण जनरलपदाची इभ्रत ही काही आपल्या एकट्याची मालमत्ता नव्हे. मग व्होटावाकडे वळून म्हणाले, "तू बस. कॅप्टनला चालून जाईल."

वाक्य पुरं व्हायच्या आत व्होटावा बाकावर होता. विमान धावलं, कुंपण जवळ आलं, आणि बघता बघता ते पायाखालून मागं गेलं. द्राक्षांचे मळे दिसले, चर्चचा कळस दिसला. व्होटावाची टोपी उडून गेली तरी त्याला पत्ता नव्हता. तो लहान पोरासारखा रडत होता आणि हसतही होता. यूरिचनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि एकाच्या जागी दोन फेऱ्या मारल्या.

खाली आल्यावर साहेबांनी तिथल्या तिथं सही ठोकली. मग बोटानं खूण करून व्होटावाला गोदामाच्या मागं बोलावून घेतलं.

"ती बाकाची अक्कल तुझीच ना?"

बोस्नियातली सगळी खेचरं व्होटावाच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पण जनरलसमोर खोटं कसं बोलणार?

"हो साहेब. माझीच."

साहेबांनी मागं-पुढं पाहून घेतलं. आसपास कोणी नव्हतं. त्यांनी व्होटावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज अगदी खाली आणला.

"मला उंचीची भीती वाटते रे. स्टुलावर चढलो तरी पाय लटपटतात. आणि जनरल असल्यावर नाही म्हणता येत नाही. म्हटलं, मग विमानानंच नाही म्हटलं पाहिजे." त्यांनी कोटाचं एक बटण सोडलं आणि मोठा श्वास घेतला. "पण तीन वर्षं लावलीस तू, व्होटावा. माणसानं खायचं तरी किती?"