मागचे पाटे

धड.

"शाळेचा ब्रेकर," पुंडलिकराव म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर, "आता उजवीकून घे. गड्डा हाये."

गड्डा होता. कपिलनं पुढचं चाक चुकवलं. मागचं

धड

गेलंच. रिकामी पिकअप बोकडासारखी मागून उसळली. पुंडलिकरावांनी एक हात कमरेवर दाबला, दुसऱ्यानं समोरची दांडी धरली. काही नाही, चाल, म्हणाले, आता रपटा येईल.

धड. धड.

नाल्यावरचा दगडी रपटा. तो ओलांडला की लगेच रस्त्याला लागून घर. ना वळण, ना गल्ली. बापाची नजर आपल्याहून तेज आहे, असं कपिल सगळ्यांना सांगायचा.

गाडी उंच केली ती पुंडलिकरावांनीच. स्वतः चालवायचे तेव्हा झरी जामणीकडं जंगलातल्या वाटांनी जावं लागायचं, दगड खालून घासायचे. म्हणून मागच्या स्प्रिंगला जास्तीचे पाटे टाकले, एक्सलवर लोखंडी ठोकळे बसवले. कापूस भरला की गाडी गादीसारखी चालायची. रिकामी परतताना माणसाची हाडं खिळखिळी करायची. पोळ्याच्या दिवशी त्यांनी किल्ली लेकाच्या हातात दिली. पाठ साथ देत नाही म्हणाले. शेजारची सीट मात्र सोडली नाही. नेरच्या बाजारात जायचं, यायचं, प्रत्येक खेपेला ते बरोबर. चढताना उंच पायरी पायानं चाचपायचे. बाजारात लेकाच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. पाठ. सगळं पाठीमुळं.

डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत.

कपिलच्या आईनं, विमलताईंनी, भाकर थापता थापता निकाल दिला.

"आता येक धक्का बसला अन् हे कण्हले, त गाडी बंद. घरी राह्यतीन."

पुंडलिकराव ताट सरकवून उठले.

घरी राहणं म्हणजे काय, कपिलनं पाहिलं होतं. पावसाळ्यात गाडी दुरुस्तीला होती तेव्हा बाप ओसरीवरच्या बाजेवर बसून होता. जेवण अर्धं. बोलणं त्याहून कमी. रस्त्यानं इंजिनाचा आवाज आला की मान उचलायचा, आवाज गेला की खाली घालायचा.

मग कपिलला दुसरं काही सुचेना. जेवताना पाटे. आंघोळ करताना पाटे. बायको वैष्णवी काही विचारायची आणि हा उत्तर द्यायचा शॉकअपचं. उभ्या गाडीच्या फाळक्यावर बसून तो खालीवर हलायचा, उतरायचा, पुन्हा बसायचा.

बुश बदलले.

धड.

शॉकअप नवे टाकले.

धड. जरा दबका. पण धड.

"काकाजीले गाडीत बसवून राह्यला का पाळण्यात?" फुलसिंग मिस्त्री गाडीखालून म्हणाला. कपिल हसला नाही. मिस्त्रीला त्यानं सांगितलं, उंची राहू दे, कडक पाटे काढ, लांब आणि नरम टाक.

पुंडलिकराव गॅरेजमध्ये स्टुलावर बसले होते. दर दुरुस्तीनंतर ते जास्तच अस्वस्थ होत चालले होते. शॉकअप बदलल्यापासून गड्डा मागं पडल्यावर सांगायचे, गड्डा येऊन राह्यला. त्यांचं लक्ष नसेल, असं कपिलला वाटलं. पाठ दुखत असेल.

"चांगली होती ना गाडी," ते म्हणाले. "काहून तिच्या मांगं लागला?"

तुमच्यासाठीच, कपिल म्हणाला.

जुने पाटे निघाले. पुंडलिकराव उठले, वाकले, त्यांच्यावरून सावकाश तळवा फिरवला, जसा बाजारात कापसावरून फिरवायचे. भंगारात देऊ नको म्हणाले. घरी घे. मग स्वतःच ते पोत्यात गुंडाळायला लावले. जुन्या माणसाला जुनं लोखंडही टाकवत नाही, कपिलला वाटलं.

भर दुपारी ते निघाले. रस्त्याचं काम चाललं होतं, धूळ नको म्हणून कपिलनं काचा वर केल्या आणि नेर मागं पडलं आणि शाळा आली आणि ब्रेकर चाकाखालून मांजर निघून जावं तसा गेला आणि गड्डा मुद्दाम, हो मुद्दाम, त्यानं चाकाखाली घेतला तरी गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी वर झाली आणि खाली बसली आणि बाप कण्हला नाही आणि कमरेला हात गेला नाही आणि तुरीची शेतं, विटांची भट्टी, बाभळी सगळं काचेबाहेरून पाण्यासारखं वाहत राहिलं आणि कितीतरी दिवसांनी कपिलच्या छातीतली धडधड थांबली आणि रपटासुद्धा, तो दगडी रपटासुद्धा, पाठीला कळला नाही आणि घर आलं.

त्यानं गाडी दारात उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. आईनं पाहावं म्हणून.

विमलताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि थेट गाडीपुढं उभ्या राहिल्या. बोनेट इतकं उंच की त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे वर दिसत होते. त्या नवऱ्याकडं निरखून पाहत होत्या. कण्हतो का, कंबर धरतो का.

कंबर धरलेली नव्हती. पुंडलिकरावांनी दोन्ही हातांनी समोरची दांडी आवळली होती. बोटं पांढरी पडली होती. डोळे सताड उघडे, अगदी विमलताईंच्या चेहऱ्यावर.

जिंकल्यासारखा कपिल त्यांच्याकडं वळला.

"काहून थांबला रे?" पुंडलिकराव म्हणाले. "रपटा त अजून आलाच नाही."