साहेब काय म्हणला?

"काय म्हणला गं साहेब?" ईश्वरप्पांनी विचारलं.

टीव्हीवरच्या तेलुगू मालिकेतला तपास करणारा साहेब एका प्रेताजवळ उभा होता. त्याचा चेहरा कायम लांबट. हसणं त्याला माहीतच नसावं. अंजू मांडीवर ताट घेऊन क्षणभर पडद्याकडे बघत राहिली.

"म्हणतोय, खुनी सापडून तरी काय होणार? मेलेला थोडाच उठणार आहे?"

"काय मेलं अभद्र बोलणं," म्हणत गंगम्माने तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. बोलण्याच्या नादात अंजूने ती खाल्लीही.

गंगम्माला तेवढंच हवं होतं. लातूरच्या ट्यूशन एरियात या नवराबायकोचं घर. वर डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी राहायच्या, खाली त्यांची मेस. अंजू बिलोलीची, परीक्षा दुसऱ्यांदा देणाऱ्या रिपीटर बॅचची. दिवाळीनंतर तिचे टेस्टचे मार्क घसरले आणि ती जेवेना, कुणाशी बोलेना. मागच्या वर्षी शेजारच्या होस्टेलातली एक पोर अशीच गप्प गप्प झाली होती, आणि तिचे आईबाप तिला शेवटचं न्यायलाच आले होते. तेव्हापासून गप्प पोर दिसली की गंगम्मा तिच्या ताटावर नजर ठेवायची. तिने बिलोलीला फोनही केला. अंजूची आई म्हणाली, माझ्याशी तर सगळं ठीक आहे म्हणते.

आणि नेमकी तेव्हाच ईश्वरप्पांना ही मालिका आवडायला लागली. त्यांनी जिन्यातून हाक मारली होती, "अंजे, तुमच्या बिलोलीला तेलुगू बोलतेत न्हवं? खाली ये. हा बाबा काय बोलायलाय, जरा सांग."

"अप्पा, कळत नाही तर बघता कशाला?"

"आमी उदगीरचे, घरात कानडी. पर माणूस चेहऱ्यावरनं चांगला वाटायलाय."

गंगम्मा काहीतरी बोलणार होती, पण तव्यावरची भाकरी करपेल म्हणून आत गेली.

वर पोरी अभ्यास करायच्या, म्हणून टीव्हीचा आवाज बारीक असे. साहेब बोले, अंजू सांगे, आणि ईश्वरप्पा साहेबाशी भांडत. हा रोजचा कार्यक्रम होऊन बसला. साहेबाचं तत्त्वज्ञान मोठं काळं होतं. माणूस बदलत नाही म्हणे. कष्टाचं चीज होत नाही म्हणे. त्याचा हवालदार तर सारखा तोंडाला रुमाल लावून खांदे हलवायचा.

"ह्याला काय झालं?"

"रडतोय."

"लईच रडका हाय."

एकदा अंजू म्हणाली, "साहेब म्हणतो, आपण नसलो तरी कुणाचं काही अडत नाही. लोक दोन दिवस हळहळतात, मग खोली दुसऱ्याला देतात."

ईश्वरप्पांनी घास ताटात ठेवला. "त्याला म्हणावं, आमच्या बाजूच्या होस्टेलात एक खोली अजून बंद हाय. मालकाला कुलूप काढवंना झालंय." मग भाकरी मोडत म्हणाले, "आणि एवढं वाईट वाटतंय, तर हा रोज सकाळी टोपी घालून निघतो कशाला?"

"सवय असेल," अंजू म्हणाली.

एका संध्याकाळी ती खाली आलीच नाही. ईश्वरप्पा दुखरे गुडघे घेऊन जिना चढले आणि दार वाजवत राहिले. "साहेब सुरू झाला. तुझ्याबिगर मला काय बी कळंना झालंय. चल."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. अंजूचे डोळे सुजलेले होते, पण ती खाली आली. खाली साहेब एकटाच जीपमध्ये बसून बोलत होता.

"म्हणतोय, मी थकलो," अंजू म्हणाली. "मला हे झेपत नाही. आईला तोंड कसं दाखवू. त्यापेक्षा…"

ईश्वरप्पांनी टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"भूकंपाच्या साली मी किल्लारीकडं गेल्तो, भणीच्या गावाला. घर पार खाली बसलेलं. आत कुणी जितं न्हाई, हे दगड बघूनच कळलं. तरी उपसत राहिलो. लोक म्हणले, अप्पा, कशाला आता? मला सांगता येईना. आशा न्हवती गं पोरी. पर तिला तिथं एकटीला कसं सोडायचं? ह्या साहेबाचं बी तसंच हाय. तोंडानं काय बी बोलू दे, त्याला माणसं सोडवत न्हाईत, म्हणून उठतोय रोज. आणि त्याच्या आईचं म्हणशील, तर केस सुटू दे न्हाई तर न सुटू दे, लेकरू घरी आलं की तिला सगळं मिळालं."

अंजू हुंदके देऊन रडली. गंगम्मा तिला जवळ घेऊन बसून राहिली. दोघांनाही ही पोर फार लाडकी झाली होती. त्या रात्री गंगम्माने तिला आपल्याच खोलीत झोपवलं आणि सकाळी आईशी फोनवर सगळं खरं बोलायला लावलं.

त्यानंतर साहेब थोडा सुधारला. "म्हणतोय, आज नाही जमलं, उद्या परत बघू," अंजू सांगायची आणि भाकरी मागून घ्यायची.

मे महिन्यात परीक्षा झाली. पेपर कसा गेला, हे घरात कुणी विचारलं नाही. तिला न्यायला आई बिलोलीहून एसटीने आली.

अंजू बॅग घेऊन जिना उतरत होती. टीव्हीवर मालिका लागली होती, समोर आई आणि ईश्वरप्पा गप्पांत रंगले होते. दोघं तेलुगूत बोलत होते. ईश्वरप्पांचं तेलुगू निजामाबादच्या बाजारात वर्षानुवर्षं घासलेलं, अंजूपेक्षाही सफाईदार.

"आमच्याकडे सगळं घर बघतं हो," आई हसून हसून डोळे पुसत होती. "स्वतः एकदाही हसत नाही, पण काय हसवतो हा साहेब. त्याच्या हवालदारालासुद्धा हसू आवरत नाही."

ईश्वरप्पांनी जिन्याकडे बघितलंच नाही.

"आमच्याकडे आला तेव्हा फार उदास होता," ते म्हणाले. "आता बरा आहे."