वरचं वर, खालचं खाली

"नाक चोंदलं होतं म्हणता. मग त्यांना दिलंत काय?" हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

थोरलीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. निदान आपलं तरी काही चुकलेलं नाही, एवढाच तिला धीर होता. वडिलांना, अप्पांना, बीपी आहे हे तिने औषधाच्या दुकानात आपणहून सांगितलं होतं. दुकानदार म्हणाला, मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही. ती अप्पांना घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी बीपी मोजलं आणि बजावलं: सकाळी एक, तीनच दिवस, आणि सोबत सर्दीचं दुसरं काही म्हणजे काही घ्यायचं नाही. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं हजेरी सांभाळलेली बाई ती. रोज गोळी दिली की कॅलेंडरवर फुली मारायची. तीन गोळ्या, तीन फुल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"नाही," मागून आवाज आला.

भिंतीला टेकून धाकटी उभी होती. थोरलीची सख्खी बहीण. तिने पर्समधून चुरगळलेली पाकिटं काढून पट्टीशेजारी ठेवली. सर्दीतापाची पावडर, गरम पाण्यात ढवळून प्यायची. "मी हे देत होते. दुपारी एक, झोपताना एक. साधंच असतं ना हे? लिंबाच्या चवीचं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, मग पट्टीवरची वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"नावं दोन आहेत, आत औषध एकच," त्या म्हणाल्या. "हे शिरा आवळतं, म्हणून नाक मोकळं होतं. पण ते नाकापाशी थांबत नाही, बीपीही चढवतं. एक गोळी कदाचित सोसली असती. त्यावर रोज ही दोन पाकिटं? तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना?"

आता हे परक्या माणसाला कसं सांगावं? घर एकच. थोरली वर, धाकटी खाली, मध्ये बारा पायऱ्या. आणि चार वर्षांत ना हिने खालचा उंबरा ओलांडला, ना तिने वरचा.

कारण म्हणाल तर हसाल. आई गेली, तिच्या कपाटाची किल्ली काही सापडेना. धाकटीला आईची शाल हवी होती. अप्पांनी जन्मभर कुलपं-किल्ल्यांचंच काम केलेलं. तार फिरवून त्यांनी अर्ध्या मिनिटात कपाट उघडून दिलं. मला न विचारता उघडलंच कसं, म्हणून थोरली बिथरली. राईचा पर्वत झाला. बोलणं तुटलं ते तुटलंच. अप्पा मात्र दोष देत बसले स्वतःच्या हाताला. तेव्हापासून त्यांनी एक नेम केला. दुपारपर्यंत वर राहायचं, दुपारनंतर खाली, आणि इकडचा शब्द तिकडे न्यायचा नाही. कोणी काही विचारलंच, तर हसून म्हणायचे, "वरचं वर, खालचं खाली." खरं तर सगळं घर त्या एका वाक्यावर चाललं होतं.

काल सकाळी म्हणाले होते, छातीत धडधडतंय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. "अप्पा, खाली काही घेत नाही ना तुम्ही?" अप्पांनी चहाचा कप बशीत फिरवला आणि तेच वाक्य म्हणाले. तिला राग यायला हवा होता. पण तिला बरंच वाटलं, कारण आता खाली जाऊन विचारायला नको. कठड्यावरून एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. तिने तिसरी गोळी दिली आणि तिसरी फुली मारली.

आज दुपारी खाली जाताना अप्पा जिन्यातच कोसळले. सहाव्या पायरीवर. ना वर, ना खाली.

"वाचतील ना?" दोघी एकदमच म्हणाल्या. चार वर्षांत पहिल्यांदा दोघींच्या तोंडी एक वाक्य आलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मेंदूतलं रक्त थांबत नाहीये. आता करण्यासारखं फार काही उरलेलं नाही. जा, भेटून घ्या. आणि हो, डावीकडचं त्यांना काही कळत नाही. त्या बाजूला कोणी उभं असलं तरी त्यांच्या लेखी ते नसतंच. बोलायचं ते उजवीकडून बोला."

खोलीच्या दारात धाकटी थबकली. "तू हो उजवीकडे, ताई."

"तू ये की."

"नको. तूच."

थोरली उजवीकडे गेली. धाकटीने पलंगाला वळसा घातला आणि अप्पांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. तो हात थंड होता, त्याने काहीच ओळख दिली नाही. अप्पांचे डोळे फक्त थोरलीवर आले. ओठ एका बाजूने हलले. तिने कान जवळ नेला.

"कोणी ऐकत नाही ना?" जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

थोरलीने पलंगापलीकडे पाहिलं. धाकटीने मान हलवली: नाही म्हण.

"नाही, अप्पा. कोणी नाही."

"तुझ्याच गोळीनं नाक मोकळं झालं बघ," अप्पा म्हणाले. "फक्त खाली बोलू नकोस. पोरीचं मन दुखेल."